नैर्ऋत्येला सरकलेला हातोडा

नारळ फोडायला किती ताकद लागते, हे काट्यावर वाचलेली माणसं मराठवाड्यात फार नसतील. मी वाचलेली आहे. नांदेडच्या एमआयडीसीतल्या एका ओतकाम कारखान्यानं मला हे ज्ञान दिलं. मी मात्र गेले होते दुसऱ्याच कामाला. तिथल्या आघात चाचणी यंत्राची तपासणी करायची होती.

हे यंत्र काय असतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. झोपाळ्यासारखा टांगलेला एक जड हातोडा असतो. तो वर उचलून खटक्यात अडकवायचा. खाली दोन ठोकळ्यांच्या आधाराला धातूचा बोटाएवढा तुकडा ठेवायचा. तुकड्याच्या मध्यावर मुद्दाम एक खाच पाडलेली असते. खटका सोडला की हातोडा झोकात खाली येतो, तुकडा मोडतो आणि पलीकडे वर चढतो. धातू चिवट असेल तर तो हातोड्याची पुष्कळ ताकद खाऊन टाकतो आणि हातोडा पलीकडे दमल्यासारखा थोडाच वर जातो. धातू ठिसूळ असेल तर मध्ये कुणी आलं होतं याचा हातोड्याला पत्ताही लागत नाही, तो तसाच वर जातो. किती ताकद खाल्ली ते बाजूचा काटा दाखवतो.

आता हा काटा खरं बोलतो की थापा मारतो, हे कुणीतरी बघायला हवं. ते मी बघायचे. माझ्या पेटीत काही तुकडे असायचे, त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं. मास्तर उत्तर माहीत असलेलं गणित फळ्यावर घालतात ना, तसं. यंत्राचं उत्तर माझ्या उत्तराशी जुळलं तर पास, नाहीतर दुरुस्ती.

तर नांदेडच्या त्या कारखान्यात यंत्राच्या ठोकळ्यांवर गंज दिसला. बोट लावलं तर चिकट. मागच्या सांदीत पांढरं काहीतरी वाळून बसलेलं. मी ते काढून नाकाशी नेलं.

"इथं खोबरं कुठून आलं?" मी सुपरवायझरला विचारलं.

तो लाजला. "खंडेनवमीला पूजा असते मॅडम. नारळ फोडतो."

"मग दगडावर फोडा की."

"दगडाला काटा कुठं असतो?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. दरवर्षी प्रत्येक खातं आपापला नारळ आणायचं, यंत्रावर ठेवायचं आणि कुणाचा नारळ जास्त आकडा दाखवतो यावर स्पर्धा लागायची. साचे करणारे आणि मेंटेनन्सवाले यांच्यात त्यावरून वर्षभर बोलणं बंद होतं. करवंटीचे तुकडे अडकून एक ठोकळा जागचा हलला होता, आणि नारळपाण्यानं बाकीचं काम केलं होतं. मी ठोकळे बदलायला लावले आणि सगळ्यांकडून नारळ न फोडण्याचं वचन घेतलं. पुढच्या वर्षी गेले तर खरंच एकही नारळ नव्हता. सुपाऱ्या होत्या.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट लातूरची.

तिथं विश्वंभरराव नावाच्या गृहस्थांचा कारखाना होता. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात तो हुक ते बनवायचे. उसाच्या ट्रॉल्या ओढणारा, मनगटापेक्षा जाड, काळा, बघूनच भरवसा वाटावा असा हुक. एका मोठ्या ट्रॉली कंपनीनं त्यांचे नमुने मागवून आपल्या यंत्रावर मोडून पाहिले आणि परत पाठवले. लोखंड ठिसूळ आहे, असा शेरा. विश्वंभररावांच्या स्वतःच्या यंत्रावर तर तेच हुक उत्तम ठरत होते. ते भडकले आणि त्यांनी मला फोन केला.

"सुनंदाताई, त्या लोकांचं यंत्र खोटं बोलून राहिलंय. तुम्ही या, आमचं तपासा, आणि तसा कागद द्या. मी तो कागद त्यांच्या तोंडावर मारतो."

मी नांदेडहून एसटीनं निघाले. माझे काही तुकडे कडक थंडीत मोडावे लागतात, म्हणून सोबत थर्माकोलच्या डब्यात कोरडा बर्फ होता. हा बर्फ वितळत नाही, त्याचा नुसता धूर होतो. लोहा गावाच्या पुढं गाडीला खड्डा लागला, डब्याचं झाकण सरकलं आणि माझ्या सीटखालून पांढरा धूर सगळ्या गाडीत पसरला.

"आग! आग लागली!" मागून कुणीतरी ओरडलं. गाडी थांबली. माणसं दारातून, खिडकीतून जिकडून जमेल तिकडून उतरली. शेवटी आत मी आणि कंडक्टर एवढेच उरलो.

"काय हाय त्यात?" कंडक्टरनं लांबूनच विचारलं.

"बर्फ."

"बर्फाचा धूर निघतो व्हय?"

मी झाकण उघडून दाखवलं. त्यानं वाकून बघितलं, बोट पुढं केलं, मी ओरडले, त्यानं बोट मागं घेतलं. मग खाली जमलेल्या लोकांना त्यानं मोठ्या आवाजात सांगितलं, "बसा बसा, सरकारी काम हाय." माझं काम सरकारी नव्हतं, पण गाडी निघाली म्हणून मी काही बोलले नाही. सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून आम्ही अहमदपूर गाठलं. शेजारच्या आजीबाई तेवढ्या पुन्हा माझ्याजवळ बसल्या नाहीत. त्यांच्या मते डब्यात बर्फ नव्हता आणि मी साधी बाई नव्हते.

लातूरला कारखान्याच्या दारात मला हार घातला गेला. तपासणीला आलेल्या माणसाला कुणी हार घालू लागलं की मी आधी पेटीला कुलूप आहे ना ते बघते. यंत्र चालवणारे गफूरभाई होते, पन्नाशीचे, तोंडात पान, बोलायला गोड. यंत्र त्यांनी असं पुसून ठेवलं होतं की त्यात बघून केस विंचरावेत. पायाच्या बोल्टांना ताजा हिरवा रंग.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. हातोडा मोकळा सोडून पाहिला, काटा शून्याला आला. पाणसळ ठेवली, पातळी बरोबर. ठोकळ्यांमधलं अंतर बरोबर, हातोड्याची धार बरोबर. मग पेटीतला पहिला तुकडा ठेवला आणि खटका सोडला. धाडकन तुकडा मोडला. काटा ठरलेल्या उत्तराच्या बराच पुढं जाऊन थांबला. दुसरा तुकडा मोडला, तिसरा मोडला. प्रत्येक वेळी पुढंच.

विश्वंभरराव माझ्या खांद्यावरून बघत होते. "जास्त आलं ना?"

"हो. जास्त."

"म्हणलो नव्हतो? आमचं यंत्र एक नंबर!"

"भाऊ, ते तुकडे माझे आहेत. त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. तुमचं यंत्र ते वाढवून सांगतंय."

"वाढवून सांगतंय म्हणजे चांगलंच की!"

"किराणा दुकानाचा काटा वजन वाढवून दाखवत असेल तर ते चांगलं का?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दुकानदाराला चांगलं."

तेवढ्यात चहा आला. काचेचे पेले, काठोकाठ भरलेले. आणि माझ्या डोक्यात जे मघापासून घोळत होतं ते तपासायची सोय झाली. मी माझा पेला यंत्राच्या पायावर, हिरव्या बोल्टाशेजारी ठेवला.

"गफूरभाई, एक तुकडा मोडा."

"चहा सांडंल मॅडम."

"सांडू द्या."

गफूरभाईंनी वर छताकडे एकदा बघितलं आणि खटका सोडला. चहा उसळून निम्मा पायावर सांडला. पक्क्या बसलेल्या यंत्रावर चहाला जरा शहारा येतो, बस. इथं तुकड्यावर घाव बसताना सगळं यंत्रच हबकत होतं. हातोड्याची जी ताकद यंत्र हलवण्यात खर्च होत होती, तीही काटा तुकड्याच्याच नावावर लिहीत होता. म्हणून प्रत्येक लोखंड चिवट, प्रत्येक हुक उत्तम.

"पाना द्या," मी म्हटलं.

"बोल्ट टाईट हाय मॅडम. मी रोज बघून राहिलोय."

मी पाना लावला, जरा पिळला आणि बोल्ट मुळ्यासारखा उपटून हातात आला. बोटभर लांबीचा. खाली फरशीत काहीच नव्हतं, तो वरच्या वर चिकटवलेला होता. दुसरा उपटला, तोही तसाच.

गफूरभाईंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"गफूरभाई, बाकीचा बोल्ट कुठं आहे?"

"बोल्ट जागेवरच हाय मॅडम. हललेला न्हाई."

"कुठल्या जागेवर?"

त्यांनी समोरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं पिण्याच्या पाण्याचा जार होता. मी जाऊन जार बाजूला केला. खाली सिमेंटचा भक्कम ओटा जमिनीच्या पातळीत बसवलेला, आणि त्यात कापलेले बोल्ट. बोल्ट तिथं होते, यंत्र इथं होतं.

मी विश्वंभररावांकडे बघितलं. ते फरशीकडे बघत होते.

"ते काय झालं ताई, मध्यंतरी ऑर्डरी बसल्या होत्या," ते म्हणाले. "मग आमचे शिवराजअप्पा येऊन बघून गेले. वास्तूचं लई खोल ज्ञान. ते म्हणले, एवढी जड वस्तू नैर्ऋत्येला पाहिजे, तुमची भलतीकडेच हाय. मग क्रेननं उचलून इकडं ठेवलं."

"आणि नवा पाया?"

"इथं खाली पाण्याचा हौद हाय. खोदता येत न्हाई."

"म्हणून मी वरून इज्जत राखली," गफूरभाई हळूच म्हणाले. "बिगर बोल्टाचं यंत्र चांगलं दिसत न्हाई ना."

मला हसू आवरेना, पण मी गंभीर चेहरा ठेवला. तपासणीला गेलेल्या बाईला हसणं महागात पडतं. मी सांगितलं की यंत्र परत जुन्या पायावर बसवल्याशिवाय मी कागद देणार नाही.

विश्वंभररावांचा आवाज चढला. "ताई, यंत्र तिथं होतं तेव्हा दर महिन्याला माल नापास होत होता. इथं आणल्यापासून एक हुक नापास न्हाई. एक! आणि तुम्ही म्हणता, परत तिकडं न्या?"

"भाऊ, इथं तुम्ही खारी बिस्कीट मोडलंत तरी पास होईल."

"तुम्ही कागद दिला न्हाई तर मी हैदराबादहून दुसरा माणूस आणीन."

"आणा. चहाचा पेला त्याच्याही हातात असेल."

मी बाहेर अंगणात आले. तिथं ट्रक लागला होता आणि हुक भरले जात होते. उसाचा हंगाम तोंडावर आला होता. ते काळे हुक खणाखण आत पडताना ऐकून माझं हसू गेलं. भांडून मी नांदेडला परत गेले असते तर ट्रक निघाला असता. हैदराबादचा माणूसही पुढच्या आठवड्यात आला असता, आज नाही. विश्वंभरराव वाईट माणूस नव्हते. त्यांची अडचण लोखंडाची नव्हतीच, अप्पांची होती. मग अप्पांशीच बोलायला हवं होतं.

"भाऊ," मी आत जाऊन म्हटलं, "अप्पांना बोलावता येईल का? मला त्यांचं मत ऐकायचंय."

विश्वंभररावांना वाटलं मी शरण आले. त्यांनी उत्साहानं फोन केला.

शिवराजअप्पा स्कूटरवरून आले. पांढरे कपडे, कपाळाला विभूती, हसरा चेहरा. मी नमस्कार केला. त्यांनी माझं गाव विचारलं, मी हदगाव सांगितलं, हदगावात त्यांचे कुणी व्याही निघाले, सगळं यथासांग झालं.

"अप्पा, दिशा तुम्ही कशी काढलीत? मला जरा शिकायचंय," मी म्हटलं.

अप्पांनी खिशातून पितळी होकायंत्र काढलं. वस्तू जुनी आणि देखणी होती. "हे बघा. खोलीत आलो, हे ठेवलं, सुई उत्तरेला स्थिर झाली, मग बाकी दिशा आल्याच."

"ठेवलं कुठं?"

"तेव्हा यंत्र तिकडं होतं. त्याच्याच पायावर ठेवलं. सपाट जागा दुसरी नव्हती."

मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांची यंत्रं तपासली, पण तपासणीसाठी इतकं छान यंत्र कुणी आपण होऊन माझ्या हातात दिलं नव्हतं.

"अप्पा, एकदा अंगणात बघू या का?"

आम्ही सगळे अंगणात गेलो, ट्रकपासून लांब, लिंबाखाली. अप्पांनी होकायंत्र तळहातावर धरलं. सुई थरथरली आणि स्थिर झाली. मी त्यांना विनंती केली की ते असंच हातात धरून हळूहळू आत चलावं. अप्पा चालू लागले, मागं विश्वंभरराव, मागं गफूरभाई, आणि एव्हाना हुक भरणारी माणसंही आली होती. दारातून आत आलो तशी सुई हलली. यंत्राच्या जवळ गेलो तशी ती गोठ्यातलं वासरू गाईकडे मान वळवतं तशी यंत्राकडे वळली. अप्पांनी यंत्राला उजवीकडून फेरी मारली, सुई यंत्राकडे. डावीकडून मारली, सुई यंत्राकडे.

"अप्पा," गफूरभाई म्हणाले, "ही तर यंत्राच्याच मागं लागली की."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अप्पांचे कान लाल झाले. मला एकदम वाईट वाटलं. माणूस कसा का असेना, चारचौघांत त्याचा काटा चुकीचा निघणं काय असतं ते मी रोज बघत होते. मी घाईनं म्हटलं, "अप्पा, यात तुमचा दोष नाही. एवढ्या लोखंडाजवळ कुठलंही होकायंत्र भुलणारच."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. माणूस हुशार होता. त्यांनी होकायंत्र मिटलं, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वीचं हसू होतं.

"विश्वंभर," ते म्हणाले, "हे यंत्र फार प्रबळ आहे. दिशासुद्धा आपल्याकडे ओढून घेतं. असल्या वस्तूला तिच्या मूळ आसनावरून हलवायचं नसतं. आणि बाहेरच्या मापानं बघितलं तर खरी नैर्ऋत्य तीच, तो जार ठेवलाय तिकडं."

"म्हणजे आधीचीच जागा बरोबर होती?"

"होय. आणि तिथं तुम्ही पाणी ठेवलंय? नैर्ऋत्येला पाणी? उचला, आधी ते उचला!"

जार जवळजवळ पळवतच बाहेर नेला गेला.

मी अप्पांच्या जवळ सरकून हळूच विचारलं, "यंत्र आसनावर बसेपर्यंत माल बाहेर काढणं बरं दिसेल का हो?"

अप्पांनी ट्रककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अजिबात नाही," ते मोठ्यानं म्हणाले. ट्रक रिकामा व्हायला लागला.

आमच्या घरी बुद्धवंदना होते, पंचांग नाही. वडील पाटबंधारे खात्यात होते, कालव्याचं पाणी मोजायचे. ते असते तर म्हणाले असते, "दिशेनं काही होतं का हे विचारायचं सोडून दिशा बरोबर आहे का एवढंच तपासत बसलीस?" त्यांचं बरोबर आहे. तो वाद मी अजून घातलेला नाही आणि त्याची मला कधी कधी चुटपुट लागते. पण त्या दिवशी मला बोल्ट आवळायचे होते.

जुन्या ओट्यात नवे बोल्ट बसवून सिमेंट पक्कं झाल्यावर मी पुन्हा लातूरला गेले. या वेळी गाडी करून, एसटीवाल्यांवर उपकार म्हणून. पेला पायावर ठेवला. घाव बसला, चहाला नुसता शहारा आला. काटा बरोब्बर माझ्या उत्तरावर थांबला. गफूरभाईंनी तो चहा स्वतः पिऊन टाकला, म्हणाले, "इमानदार चहा हाय."

विश्वंभरराव मात्र अजून काट्याकडेच बघत होते. "ताई, आता आमचा तुकडा मोडून बघा," ते म्हणाले. ट्रकातून उतरवलेल्या हुकांतलाच एक कापून त्यांनी तुकडे तयार ठेवले होते.

हातोडा सुटला. तुकडा मोडला, पण हातोड्याला त्याची दखलही नव्हती. तो सरळ वर गेला. गफूरभाईंनी मोडलेले दोन भाग माझ्या तळहातावर ठेवले. चिवट लोखंड मोडलं की ऊस पिळून मोडल्यासारखं दिसतं, रेषा ओढलेल्या, कडा फाटलेल्या. हे खडीसाखरेसारखं चमकत होतं. दुसरा तुकडाही तसाच चमकला.

विश्वंभरराव खुर्चीवर बसले. लोखंड तापवून एकदम थंड केलं की ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा मंद तापवून मुरवावं लागतं. हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं.

"मुरवायचा वेळ मीच कमी केला होता," ते म्हणाले. "समदं पासच होत होतं ना. म्हणलं, कशाला भट्टी जाळत बसायचं."

"कुठं कुठं गेले हे हुक?"

"मोठ्या कंपनीनं घेतले न्हाईत. उदगीरला दिले. बसप्पाला."

ते उठले आणि जीपची चावी घेतली. दारातून परत वळले. "तुम्ही चला ताई. मी एकटा गेलो तर कोण ऐकणार? मालक स्वतःचा माल परत न्यायला आलेला कुणी बघितलाय?"

बसप्पाचं उदगीरला ट्रॉल्या बांधायचं दुकान होतं. तो दणकट माणूस, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. "बर्री, बर्री," म्हणून त्यानं आम्हाला आत घेतलं, खुर्च्या पुसल्या. विश्वंभररावांनी खाकरून सांगितलं की मागच्या वेळचे हुक परत हवेत.

बसप्पाचे डोळे बारीक झाले. "का? भाव वाढला काय?"

"भाव न्हाई वाढला. माल खराब हाय."

"खराब? आमच्या डोळ्यांपुढं आणलाय. एक नंबर माल हाय." तो सावध झाला. "आणि तसेही समदे विकले की हो. एक बी न्हाई राहिला."

त्याच्या मागं गोणपाटाखालून हुकाची काळी टोकं दिसत होती.

"मी पूर्ण पैसे परत देतो बसप्पा."

ही चूक झाली. पैसे परत देऊन माल नेणारा मालक बसप्पानं आयुष्यात बघितला नव्हता, आणि त्याची खात्री पटली की या हुकांत काहीतरी मोठं घबाड आहे. तो सरकत सरकत जाऊन गोणपाटावरच बसला.

मी म्हटलं, "बसप्पा, तुमच्याकडे घण आहे?"

"हाय की."

"आणि करवत?"

एक हुक त्यानं नाइलाजानं काढून दिला. मी त्याच्या वाकणावर करवतीनं खाच पाडायला लावली आणि हुक ऐरणीवर शिकंज्यात आवळून घेतला. सगळ्यांना लांब उभं केलं. "आता तुमच्या सगळ्यात ताकदवान माणसाला सांगा, मारायला."

"मीच मारतो," बसप्पा म्हणाला, आणि धोतर खोचून त्यानं घण उचलला.

एकाच घावात हुक तुटला. टोक उडून शेजारच्या दुकानाच्या शटरवर असं आदळलं की तो दुकानदार हात वर करून बाहेर आला. बसप्पानं उरलेला तुकडा वाकून बघितला. आतली ती चमक त्यालाही दिसली.

"अय्यो," तो म्हणाला. गोणपाट त्यानं स्वतःच ओढून बाजूला केलं.

मग तो गिऱ्हाइकांची नावं आठवू लागला. बहुतेक जवळपासचे होते, त्यांना फोन गेले. सगळे हुक परत मिळाले असं मी म्हणणार नाही. दोघं-तिघं सापडलेच नाहीत, आणि आजही रस्त्यानं जाताना पुढं उसाची ट्रॉली असली की माझी नजर आधी खाली जोडाकडे जाते.

"एक तर आत्ताच गेला हो," बसप्पा एकदम म्हणाला. "सकाळीच हुक बसवून नेला. टोळी घेऊन दुसऱ्या गावाला चाललाय. नळेगावच्या रस्त्याला."

बसप्पाकडचा दुसरा, जुना हुक मागं टाकून जीप आम्ही जवळजवळ उडवली. ट्रॅक्टर दिसला तो एका चढाच्या पायथ्याशी, पाण्याला थांबलेला. मागं दोन ट्रॉल्या, आणि त्यांत ऊसतोड कामगारांचे सगळे संसार. पत्रे, बांबू, पातेली, कोंबड्यांची डालगी, आणि या सगळ्यावर बायका, पोरं, म्हाताऱ्या बसलेल्या. ड्रायव्हर काळा चष्मा लावून टायरवर पाणी मारत होता.

विश्वंभरराव उतरले. जाऊन जोडाशी वाकले, हुकावर हात ठेवला आणि तसेच राहिले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच बोलले.

"दादा, हा हुक माझ्या कारखान्याचा हाय. कच्चा हाय. चढावर तुटंल."

ड्रायव्हरनं चष्मा वर केला. चढाकडे बघितलं. ट्रॉल्यांकडे बघितलं. मग काही न विचारता तो ओरडला, "उतरा रे खाली! समदे उतरा!"

एकच गलका झाला. पोरं उड्या मारून उतरली, म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवलं. एक बाई मात्र पहिल्या ट्रॉलीवर पदर खोचून उभी राहिली. कडेला बांधलेली शेळी सोडत तिनं मला वरूनच विचारलं, "कशाला उतरवून राहिल्या भर उन्हात? गाडी तर चालू हाय."

"बाई, खालचा हुक बदलायचाय."

"हुक तर नवा हाय. सकाळीच बसवला."

"नवा आहे, पण खराब आहे."

ती उतरली, हुकासमोर जाऊन उभी राहिली. काळा, जाड, चकचकीत हुक. तिनं तो पायानं जरा ढकलून बघितला. तो अर्थातच हलला नाही.

"एवढं सांगाया आल्या व्हय तुम्ही?"

"हाव."

"कुठून?"

"नांदेडहून."

तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. "दुसरं काम न्हाई का तुम्हाला?"

"न्हाई," मी म्हटलं. "हेच काम."

"मग धरा ही," असं म्हणून तिनं शेळीची दोरी माझ्या हातात दिली आणि पातेली उतरवायला वर चढली. विश्वंभरराव आणि ड्रायव्हर पाना घेऊन ट्रॉलीखाली शिरले, आणि हुक निघेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला शेळी धरून उभी राहिले.